मधला आठवडा

१ सप्टेंबर, रविवार

आज दादाकडे आम्ही तिघं भावंडं बसलो आणि आईचं काय करायचं ते ठरवलं. "आईचं काय करायचं" हे शब्द दादाचे, माझे नव्हेत. पण ते ऐकून मी गप्प बसले, म्हणजे थोडे माझेही झाले.

बाबा मे महिन्यात गेले. जूनमध्ये आईला जिन्यात चक्कर आली आणि ती अर्धा तास पायरीवर बसून राहिली. शेहेचाळीस पायऱ्या आहेत त्या जिन्याला. तेव्हापासून फोन वाजला की आम्ही तिघंही हातातलं टाकून धावतो. घरमालकाने विचारलंय, पुढच्या वर्षी खोल्या ठेवणार की सोडणार, डिसेंबरच्या आत कळवा. दादा म्हणाला, सोडायच्या. धाकटी म्हणाली, सोडायच्याच. मग आई कुणाकडे, असं आलं तेव्हा तिघंही एकदम "माझ्याकडे" म्हणालो आणि वहिनी घाईघाईने चहा टाकायला उठली.

तोडगा मी काढला. बावीस वर्षं इस्पितळाच्या चाचणी विभागात मी दुसरं केलंय काय? कुणी कुठला उपचार कुठल्या क्रमाने घ्यायचा, त्याचे तक्ते बनवणं हेच माझं काम. सध्या गुडघ्याचे तीन पट्टे तपासतोय, क, ख आणि ग. प्रत्येक माणूस तिन्ही पट्टे दोन-दोन आठवडे वापरतो. पण सगळ्यांना आधी क दिला तर बिचाऱ्या क-ला कायम शिव्या बसणार, कारण तेव्हा माणूस नवखा असतो, पट्टा टोचतो, कुठे काय आवळायचं ते कळत नाही. तिसऱ्या पट्ट्यापर्यंत हात बसलेला असतो. म्हणून सहाजणांना सहा वेगळे क्रम द्यायचे, म्हणजे कुणावर अन्याय नाही. आणि दोन पट्ट्यांमध्ये एक रिकामा आठवडा ठेवायचा, आधीच्याचा असर पुढच्यात जाऊ नये म्हणून.

"तसंच आईला तिघांकडे तीन-तीन आठवडे ठेवू," मी म्हटलं. "मग तिलाच ठरवू दे."

"आई म्हणजे काय गुडघा आहे?" दादा म्हणाला. पण त्याच्याकडे यापेक्षा बरं काही नव्हतं.

आई खिडकीशी बसून ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "मधल्या आठवड्यात मी कुठे?"

"तुझ्या घरी. एका घराची सवय दुसऱ्यात जायला नको ना."

"चालेल मग," ती म्हणाली. इतक्या पटकन तयार होईल असं वाटलं नव्हतं. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय तिने, तिला या गोष्टी समजतात. मला बरं वाटलं.

क्रम मी ऑफिसातल्या आकड्यांच्या तक्त्यावरून काढणार आहे. तो तक्ता कुणाचाच नातेवाईक नाही, असं मी म्हटलं तेव्हा सगळे हसले.

२ सप्टेंबर

क्रम काढला. दादा, धाकटी, मी.

काढला म्हणजे लिहिला. तक्ता उघडलाच नाही. ही वही कुणी वाचत नाही, म्हणून इथे तरी खरं लिहावं. पहिल्या घरात आई रडणार, बाबांना शोधणार, तिला कशातच राम वाटणार नाही. ते सगळं दादाच्या खात्यावर जाईल. शेवटच्या घरापर्यंत ती सावरलेली असेल. आणि शेवटचं घर माझं.

दादाला वहिनी आहे, धाकटीला नवरा आणि भरलं घर आहे. माझ्या घरी संध्याकाळी दिवा मीच लावते आणि मीच मालवते. बावीस वर्षांत एकाही तक्त्यात मी लबाडी केली नाही. एकदा केली तर काय बिघडलं? बिघडलं, हे मला माहीत आहे. तरी कागद बदलला नाही.

८ सप्टेंबर, रविवार

आईला दादाकडे सोडलं. सामान म्हणजे एक छोटी बॅग आणि गळ्यातल्या दोऱ्यात घराची किल्ली. "किल्ली माझ्याकडे दे, हरवेल," म्हटलं तर म्हणाली, "इतकी वर्षं हरवली नाही."

मी रोज संध्याकाळी सातला फोन करणार. तिने शून्य ते दहामधला एक आकडा सांगायचा, आज किती बरं वाटलं तो. दादा हसला, पण आईने गंभीरपणे विचारलं, "अपूर्णांक चालेल का?" नाही म्हटलं.

१५ सप्टेंबर

आठवड्याचे आकडे: तीन, चार, चार, तीन, पाच, चार, चार.

वहिनीने म्हणे तिला स्वयंपाकघरात पाऊलही टाकू दिलं नाही. "तुम्ही आता आराम करायचा." काल आई फोनवर हळूच म्हणाली, "आराम करून करून कंबर धरली. पण वहिनीला सांगू नकोस, जीव ओतते बिचारी."

चार वाचून मला आनंद झाला. आईला बरं वाटत नाही याचा आनंद! लाज वाटून अर्धी भाकरी तशीच टाकली आणि मग वही पुन्हा उघडून आकडे पुन्हा पाहिले.

२८ सप्टेंबर

दादाकडचे आठवडे संपले, सरासरी चार. उद्यापासून मधला आठवडा. आईला सांगितलं की या आठवड्यात सातचा फोन नाही.

"अजिबात नाही?"

"बरं आहे ना, एवढं विचारायला करेन. आकडा नाही. रिकाम्या आठवड्यात आम्ही मोजत नाही."

"का?"

"कारण तेव्हा काही चालू नसतं."

"असं होय," ती म्हणाली.

६ ऑक्टोबर, रविवार

गेल्या आठवड्यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आई घरी होती.

आज तिला धाकटीकडे न्यायला गेले, तर खिडक्यांच्या काचा लख्ख, कुंड्यांना नवी माती. मी ओरडले, "स्टुलावर चढलीस?" ती म्हणाली, "स्टूल नाही, खुर्ची." समोरच्या इमारतीत खिडकीशी बसून शिवणकाम करणारी एक बाई आहे. दोघी गेली पंधरा वर्षं हात हलवतात, नाव एकमेकींना माहीत नाही. आज आईने तिला हातानेच सांगितलं, तीन आठवडे नाही. त्या बाईने कपाळावर हात मारून घेतला. मला हसू आलं.

आईच्या चेहऱ्यावर तजेला होता. दादाकडच्या आरामाचा असर उशिरा दिसतोय बहुतेक. असं होतं कधीकधी. म्हणजे चार ही दादाची सरासरी कमीच पडली म्हणायची. जरा धाकधूक वाटली.

१२ ऑक्टोबर

धाकटीकडचे आकडे: चार, पाच, सहा, सहा, पाच, सहा. चढताहेत. अंदाज होताच, तरी पोटात दुखतंय.

धाकटीच्या नवऱ्याला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण तो बंद होत नाही. तो आईला दिवसभर बातम्या समजावून सांगतो. आई म्हणाली, "माणूस सोन्यासारखा आहे. त्याला बटण असतं तर दहा दिले असते." मी खो खो हसले, मग विचार केला, रेडिओ असूनही सहा?

तिने आणखी एक विचारलं. "मधला आठवडा दहा दिवसांचा केला तर तुझ्या हिशोबाला चालेल का?"

"नाही गं, दोन्ही मधले आठवडे सारखे हवेत."

"मग आधीचाही दहाचा करायला हवा होता," ती म्हणाली. गणिताच्या बाईंना उत्तर देणं सोपं नसतं.

२६ ऑक्टोबर

धाकटी साडेपाचवर संपली. कामावर गुडघ्याच्या पट्ट्यांचे निम्मे तक्ते परत आलेत. पट्टा कुठलाही असो, तिसरा सगळ्यांना आवडतोय. आमच्या विभागाचे सर म्हणाले, "क्रम सारखे वाटून दिलेत म्हणून वाचलो, नाहीतर भलत्याच पट्ट्याची वाहवा झाली असती." मी मान हलवली.

३ नोव्हेंबर, रविवार

आई माझ्याकडे आली!

दोन दिवस राबत होते. न्हाणीघरात धरायला दांडी, पलंगाशी दिवा, पाय ठेवायला छोटं स्टूल, खिडकीशी नवी आरामखुर्ची. खिडकीतून समोरची भिंत दिसते, पण ऊन चांगलं येतं. आई सगळीकडे हात फिरवून म्हणाली, "किती केलंस गं." माझे डोळे भरून आले. तिची बॅग उघडायला गेले तर म्हणाली, "राहू दे, हाताशी बरी पडते."

येताना टॅक्सीत तिने विचारलं होतं, "तुझ्या घरानंतर मधला आठवडा कधी?"

"शेवटच्यानंतर कशाला? पुढे काही नसतंच."

तिने गळ्यातली किल्ली पदराआड सारली.

१० नोव्हेंबर

आठ, आठ, आठ, आठ, आठ, आठ, आठ.

समोरासमोर असूनही सातच्या ठोक्याला आकडा विचारते. ती हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवते आणि आठ म्हणते. मी किती खूश आहे हे लिहायला शब्द नाहीत. काहीही त्रास नाही म्हणते. मी कामावरून येईपर्यंत खुर्चीत बसून असते. सकाळी उठले की तिचं अंथरूण घडी करून कोपऱ्यात ठेवलेलं, पाहुणीसारखं. टापटीप तिची पहिल्यापासूनच.

१४ नोव्हेंबर

अकरा दिवस आठ. आज काम करताना एक नको तो विचार आला. एखाद्या तक्त्यात सगळीकडे एकच आकडा दिसला, तर आम्ही त्या माणसाला बाजूला घेऊन विचारतो, "आम्हाला बरं वाटावं म्हणून तर भरला नाहीत ना?" बहुतेकदा तसंच असतं.

पण ती परकी माणसं. आई कशाला तसं करेल? घर स्थिर आहे म्हणून आकडा स्थिर आहे. तरी अस्वस्थ वाटतंय. आरामखुर्चीला उशी कमी पडत असेल. उद्या आणते.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज सलूनवाले काका शेवटचा तक्ता घेऊन आले. दिवसभर उभं राहून लोकांचे केस कापतात, दोन्ही गुडघे कामातून गेलेत. कागद ठेवून म्हणाले, "ताई, खरं सांगू? तिन्ही पट्ट्यांपेक्षा मधल्या आठवड्यांत माझा गुडघा बरा होता."

"मग लिहिलं का नाहीत?"

"कुठे लिहू? रकानाच नाही. वर छापलंय, या आठवड्यात काही लिहू नये."

मी सरांकडे गेले. सरांनी तक्ता उलटसुलट पाहिला आणि डोकं धरलं. पट्ट्यांची एकमेकांशी तुलना करायच्या नादात, पट्टाच नसला तर काय, हे आम्ही विचारलंच नव्हतं. सुरुवातीला एकदा गुडघ्यांचं दुखणं मोजलं होतं तेवढंच. "तक्ता कुणी बनवला?" सरांनी विचारलं. बनवला मीच, हे त्यांना माहीत होतं. राहिलेल्यांसाठी उद्यापासून नवा छापायचा.

घरी आले. आई खुर्चीत होती. आठ म्हणाली.

२१ नोव्हेंबर

आजचं नीट क्रमाने लिहिते.

आईला थंडी वाजत होती, तिची जाड शाल घरीच राहिली होती. कामावरून परस्पर घेऊन येते म्हटलं आणि किल्ली मागितली. गळ्यातून काढताना तिने जरा वेळ लावला. "शाल कपाटात आहे, स्वयंपाकघरात जायला नको," म्हणाली. हे तिने दोनदा सांगितलं, म्हणून मी गेले.

स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. त्यावर सप्टेंबरचे शेवटचे दोन दिवस आणि ऑक्टोबरचे पहिले पाच, प्रत्येक चौकोनात पेन्सिलने एकेक आकडा: आठ, नऊ, नऊ, दहा, सात, नऊ, नऊ. सातच्या खाली बारीक अक्षरात, "यांचा चष्मा सापडला." आणि कडेला, तिच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात, "विचारलं नाही, तरी."

पुढचा मधला आठवडाही होता. नऊ, नऊ, दहा, नऊ, दहा, नऊ. शेवटच्या चौकोनात, दोन नोव्हेंबरला, चार. खाली लिहिलंय, "उद्या जायचं."

उद्या म्हणजे माझ्याकडे.

मी त्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले. आधी राग आला, मी एवढं केलं आणि चार? मग समोरच्या खिडकीतली बाई दिसली. मला आई समजून तिने दोन्ही हात जोरात हलवले, आणि मग आई नाही हे कळल्यावर हळूच खाली घेतले.

पान फाडून पर्समध्ये ठेवावं असं वाटलं. रविवारी सगळ्यांसमोर आई आठच म्हणणार आणि मी जिंकणार. कुणाला काही कळणार नाही. हात कॅलेंडरपर्यंत गेलाही होता. शाल घेऊन आले. आईने शाल घेतली, माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. सात वाजले तरी आज मीही विचारलं नाही.

२३ नोव्हेंबर

दोन दिवस कशात लक्ष नाही. चहात मीठ टाकलं. चाचणीतून नको तो आकडा काढून टाकणाऱ्या एका मुलीला मी एकदा नोकरीवरून घालवलं होतं, तीच सारखी आठवतेय.

आईला जिन्यात पुन्हा चक्कर आली तर? हे खरं कारण आहे की माझा बहाणा, हे मला आता ओळखू येत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

सगळे माझ्याकडे जमले. सकाळी एकटीच जाऊन कॅलेंडर काढून आणलं होतं. दादाने विचारलं, "हं, बोला, कोण जिंकलं?"

मी आधी क्रमाचं सांगितलं. तक्ता उघडला नव्हता, मला शेवटची पाळी हवी होती.

दादा म्हणाला, "पत्ते पिसतानाही तू हेच करायचीस." धाकटी मात्र चिडली, "म्हणजे आमचे साडेपाच खोटे?" रेडिओ पहिल्यांदाच गप्प होता.

मग मी कॅलेंडर टेबलावर पसरलं. "चौथं एक घर होतं, मी त्याला रकानाच दिला नाही," एवढंच बोलता आलं. वहिनीने आकडे मोठ्याने वाचले. चारपाशी ती थांबली आणि माझ्याकडे न बघता तिने तो वाचायचं टाळलं.

"तुला सांगितलं होतं, स्वयंपाकघरात जाऊ नकोस," आई म्हणाली.

"दोनदा सांगितलंस."

"बरं, दोनदा." आणि ती जरा हसली.

दादा उसळला. "आकडे राहू देत. पुन्हा चक्कर आली तर? अर्धा तास बसली होतीस पायरीवर!"

"चक्कर पाच मिनिटंच होती," आई म्हणाली. "उरलेला वेळ रडत होते. वर यांची खुर्ची होती, तिच्यासमोर रडवेना. घरी तुम्ही कुणी ना कुणी असायचा, मग तुम्हालाच सांभाळावं लागायचं. पायरी बरी होती."

दादाने डोळे पुसले, अगदी उघड. शेवटी वहिनी म्हणाली, "भिंतीच्या बाजूनेही कठडा लावून घेऊ. आणि दुसऱ्या मजल्यावर एक खुर्ची." असं ठरलं. खोल्या ठेवायच्या, निदान एक वर्ष. घरमालकाला दादा कळवणार.

सगळे गेल्यावर मी आईला विचारलं, "मग मला रोज आठ का दिलेस?"

ती बॅगेची चेन लावत होती. त्या बॅगेतून तीन आठवड्यांत एक साडी तेवढी बाहेर आली होती. "सात दिले असते तर तू जेवली नसतीस. शाळेतही असंच करायचीस. चूक झाली माझी, गुण वाढवून देऊ नयेत."

"आणि खरे किती होते?"

"पाच," ती म्हणाली. "उशी आणलीस त्या दिवशी साडेपाच. पण तू अपूर्णांक चालत नाही म्हणालीस."

१ डिसेंबर, रविवार

आई घरी जाऊन आठवडा झाला. कठडा बसला. तिला सोडायला गेले तेव्हा मी बॅग घेऊन मागे चालले होते, ती दुसऱ्या मजल्यावरच्या खुर्चीकडे न बघता वर गेली.

माझ्या घरातली आरामखुर्ची रिकामी आहे. तिच्यात मी बसत नाही. वाईट वाटतं, खूप वाटतं, आणि ते कुणाच्या खात्यावर घालता येत नाही.

आज सातला फोन केला. भाजी काय केलीस, दार लावलंस का, असं सगळं विचारून झालं. ठेवणार तोच ती म्हणाली, "आकडा नाही विचारलास?"

"प्रयोग संपला ना, आई."

"विचार की. आता खरा सांगेन."

मी विचारला.

"सहा."

"सहाच? स्वतःच्या घरी?"

"नळ गळतोय. आणि आठवडा झाला, तू आली नाहीस."

सव्वासात झालेत. उठते. नळाचा पाना कुठे ठेवलाय ते शोधायला हवं.